पिवळ्या रेषेपलीकडचा चमचा

आमच्या हॉटेलात पाहुणे वाघ पाहायला येतात. वाघ दिसला नाही, तर तो राग संध्याकाळच्या जेवणावर निघतो. सूप गार लागते, भात चिकट वाटतो, वाढणाऱ्याचे हसू खोटे भासते. वाघ दिसला असेल, तर तेच सूप, तोच भात आणि तेच हसू अप्रतिम ठरते. म्हणून तक्रार आली की मी सर्वांत आधी विचारते, "यांना आज काय दिसलं?" हा विनोद नाही. तक्रारीतून वाघ वजा केल्याशिवाय स्वयंपाकघरात नेमके काय चुकले, हे कळत नाही.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर. चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाच्या प्रवेशद्वाराजवळच्या एका आलिशान हॉटेलात अन्नसुरक्षा आणि गुणवत्ता हे खाते सांभाळते. खाते म्हणजे मी, एक तापमापक, एक सामू मोजायचे यंत्र आणि कुणालाही न आवडणारा माझा स्वभाव. नोकरीला फार वर्षे झालेली नाहीत. आठवणी लिहिण्याचे वय तर मुळीच नाही. तरीही एक प्रकरण लिहून काढते आहे, कारण ते मला अजून सुटलेले नाही, आणि न सुटलेले काही मनात घेऊन पुढच्या पदाकडे जाणे मला पटत नाही.

हॉटेलातले सर्वांत महागडे भोजनगृह 'आशियाई' आहे. तळ्याकडे उघडणारी काचेची भिंत, काळ्या दगडाची टेबले, बांबूचे दिवे. दिवे दिल्लीहून मागवले. खिडकीबाहेर बांबूचेच रान आहे. थायलंड, जपान, व्हिएतनाम आणि चीन हे चार देश तिथे एकाच पदार्थपत्रिकेवर शेजाऱ्यांसारखे नांदतात. भांडी धुण्याच्या विभागातल्या मंगलाबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात विचारले होते, "मॅडम, एशियन म्हनजे कुठचं जी?"

"आशिया खंडातलं."

"मंग आपन कुठी राह्यतो?"

"आशियातच."

"मंग आपलं वरन-भात काऊन नाई त्या कागदावर?"

मी उत्तर शोधू लागले. अजून शोधते आहे. मंगलाबाई माजरीच्या, नवरा कोळसा खाणीतून निवृत्त झाला, तेव्हा या कामाला लागल्या. त्यांचा प्रश्न साधा वाटतो आणि मग दिवसभर पाठ सोडत नाही.

पाहुण्यांचे प्रश्न त्या मानाने सोपे असतात. एका कुटुंबाने जैन सुशी मागवली. आम्ही काकडी आणि लोणच्यातल्या कैरीची करून दिली, ती त्यांना इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी डब्यात भरून घेतली. नागपूरच्या एका गृहस्थांनी सगळी पत्रिका शांतपणे वाचली, मिटली आणि म्हणाले, "सावजी नाही का?" वाढणाऱ्याने नम्रपणे नाही म्हटले. "मग आशिया कसला?" असे म्हणून त्यांनी नूडल्स मागवल्या.

माझे काम बाहेरच्या माणसाला सांगायचे तर असे: अन्नात जीवाणू वाढायला ऊब, ओल आणि वेळ लागतो, यांपैकी एक तरी गोष्ट मी त्यांना मिळू देत नाही. कच्च्या माशाखाली जो भात असतो, त्यात सिरका घालतात तो केवळ चवीसाठी नव्हे. भात पुरेसा आंबट असला की त्यात नको ते वाढत नाही. हा आंबटपणा ज्या अंकाने मोजतात, त्याला सामू म्हणतात; सामू जितका कमी, तितका पदार्थ आंबट. रोज भात तयार झाला की मी यंत्र घेऊन हजर होते, आणि आमचे शेफ मोठ्याने विचारतात, "क्यों मॅडम, चावल का ब्लड टेस्ट हो गया?"

शेफ दार्जिलिंगचे. उंची कमी, आवाज जास्त. त्यांच्या स्वयंपाकघरात कायदा एकच: "जो चखेगा नहीं, वो पकाएगा नहीं." प्रत्येक आचाऱ्याच्या खिशात चमच्यांची जुडी असते. एक चमचा, एक चव, मग तो चमचा खरकट्यात. या कायद्याबद्दल शेफचे आणि माझे पूर्ण एकमत होते.

सॅलडच्या ओट्यावर सोमी होती. हेमलकशाच्याही पलीकडच्या एका माडिया पाड्यावरची मुलगी. आश्रमशाळेत शिकली, चंद्रपुरात खाद्यपदार्थांचा छोटा अभ्यासक्रम केला आणि पावसाळ्यानंतर आमच्याकडे उमेदवारीवर लागली. उन्हाळ्याचा हंगाम संपला की शेफ तिला कायम करणार होते किंवा घरी पाठवणार होते. तिच्या पाड्यावरून पगारी नोकरीला लागलेली ती पहिली मुलगी. हे तिने मला कधी सांगितले नाही, मंगलाबाईंनी सांगितले, आणि वर म्हणाल्या, "पाठवू नोका तिले वापस. दुसरी कोनी येनार नाई मंग."

कैरी बाजारात आली आणि सोमीच्या ओट्यावर कैरीचे थाई सॅलड सुरू झाले. दगडी खलात मिरची, लसूण, ताडगूळ, लिंबू आणि माशाचा खारट अर्क कुटायचा. मग कैरीचा कीस आणि शेंगदाणे घालून हलक्या हाताने ठेचायचे. पहिले काही दिवस या सॅलडची वाहवा झाली. पाहुणे फोटो काढू लागले. शेफ सोमीला चक्क 'बेटा' म्हणाले.

याच सुमारास मुख्यालयातून तपासनीस आले. खरकटी भांडी आणि तयार अन्न यांच्या विभागांमध्ये कसलीच सीमा नाही, हे त्यांना खटकले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी जमिनीवर ठसठशीत पिवळी रेषा मारून घेतली. खरकट्याकडच्या माणसांनी रेषा ओलांडायची नाही.

मंगलाबाई कमरेवर हात ठेवून रंगारी पाहत होत्या. "हे काय जी? हद्द आखून राह्यले का?"

"हो. सुरक्षिततेसाठी."

"वाघ तं दुसऱ्या तऱ्हेनं आखते, मॅडम."

सगळे स्वयंपाकघर हसले. रंगारी हसताना रेषा किंचित वाकडी झाली. ती पुसून मी पुन्हा सरळ करून घेतली.

त्यानंतर सॅलड बिघडले.

रोज नव्हे, म्हणून तर गोंधळ. एका संध्याकाळी उत्तम, दुसऱ्या दिवशी दात आंबवणारे, तिसऱ्या दिवशी नुसतेच गोड. एक वयस्कर जोडपे दोन दिवस लागोपाठ जेवायला बसले होते. काकूंनी मला जवळ बोलावले. "काल हेच मागवलं, काल झकास होतं. आज काय, आमच्यावर रागावलात?" त्यांना त्या सकाळी वाघीण बछड्यांसह दिसली होती. वाघ वजा करायची सोय राहिली नाही.

मी पद्धतशीर कामाला लागले. एकाच पेटीतल्या कैऱ्यांचा सामू मोजला. आंबटपणात एक कैरी दुसरीला ओळख देत नव्हती. पण वाहवा होत होती तेव्हाही कैऱ्या अशाच होत्या. गूळ तोच, अर्काची बाटली तीच. सोमीच्या हातून पडणारे प्रमाण पाहिले. ते आश्चर्यकारकरीत्या स्थिर होते. हे मला फार आवडले. प्रयोगशाळेत असाच हात लागतो. त्यातला दोष दिसायला मला वेळ लागला: कैरी बदलत होती आणि प्रमाण बदलत नव्हते. म्हणजे शेवटची चव कोणी घेतच नव्हते. पण मी तर सोमीला चाखताना पाहिले होते! नीट पाहिल्यावर कळले, की ती मसाला चाखते, पण कैरी पडण्याआधी. कैरी पडली की चमचा हातातच राहतो.

तोवर शेफचा संयम संपला होता. शनिवारी मुख्यालयातले वरिष्ठ जेवायला येणार होते. "उस दिन सॅलड बिगड़ा," ते मला म्हणाले, "तो सोमी सीज़न के बाद घर जाएगी. आप भी मत बोलिएगा बीच में."

आदल्या दुपारी मी भांड्यांकडे धुण्याच्या पाण्याचे तापमान पाहत उभी होते. सोमी हातात खल घेऊन आली आणि पिवळ्या रेषेपाशी थांबली. तिने कैरीने भरलेला चमचा रेषेवरून पलीकडे धरला. मंगलाबाईंनी मान पुढे केली, मला पाहिले आणि मान तशीच वळवून छताकडे पाहू लागल्या. चमचा हवेत राहिला.

"काय चाललंय?" मी विचारले.

"काई नाई," मंगलाबाई म्हणाल्या. "पोरगी चमचा धुवाले देत होती."

"चमच्यात कैरी आहे."

"मंग धुवालेच तं देते न!"

सोमीने चमचा खाली घेतला. "मॅडम, मी नाई खाऊ शकत. आमच्या गावचा आंब्याचा पंडुम झाला नाई अजून."

पंडुम म्हणजे सण. नवे फळ आधी गावाने मिळून देवाला आणि पूर्वजांना द्यायचे, मग खायचे. तोवर गावातले कोणीही आंबा तोंडात घालत नाही, कैरीही नाही. सोमीने हे दोनतीन वाक्यांत सांगितले, बसचे वेळापत्रक सांगावे तसे.

"पण ही कैरी तुमच्या गावची नाही. बाजारातून येते."

"आंबा तं आंबाच आहे न, मॅडम."

"मग कापतेस कशी?"

"कापाले चालते. पोटात नाई."

"आणि खाल्लीस तर काय होईल?"

तिने खरोखर विचार केला. "मले काई नाई होनार. पन गावात कोनाले काई झालं, तं मले वाटन, माझ्यानंच झालं."

जे विधान खोटे ठरवता येत नाही, त्यावर वेळ घालवू नये, असे मी शिकले आहे. पण सोमी विधान करत नव्हती. ती स्वतःच्या मनाचा नेमका अंदाज सांगत होती, आणि तो अंदाज चुकीचा आहे असे मी म्हणू शकत नव्हते.

"नोकरीला लागताना सांगितलं का नाहीस?"

"शेफनं इचारलं होतं, सगळं खाते का म्हनून. मी हो म्हनलं. डुक्कर खातो, मासोळी खातो, मुंग्या खातो. आंब्याचं कोनी इचारलंच नाई. आता नका सांगू त्याइले. हासतीन सगळे."

आता चित्र पूर्ण झाले. सुरुवातीचे ते उत्तम सॅलड मंगलाबाईंच्या जिभेचे होते. रेषा आली आणि जीभ पलीकडे राहिली. ज्या दिवशी मी आसपास नसे, त्या दिवशी चमचा रेषा ओलांडे आणि सॅलड जमे. सगळी निरीक्षणे एका ओळीत बसली. मला आनंद व्हायला हवा होता.

मी सिंदेवाहीची. आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली आणि घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले. ही गोष्ट आमच्या घरी अभिमानाने सांगितली जाते आणि तो अभिमान माझाही आहे. अशी भीती सोडता येते, सोडल्यावर माणूस ताठ उभा राहतो, हे मी पाहिलेले आहे. मग सोमीला 'खा, काही होत नाही' एवढेच सांगायला माझी जीभ का अडली? ते मला कळेना, म्हणून आईला फोन केला. सगळे सांगितले.

"आपल्याले कोनी सोडाले लावलं नव्हतं," आई म्हणाली. "आपनच सोडलं."

"म्हणजे तिनं सोडू नये?"

"मी असं कुठी म्हनलं?"

"मग सोडावं?"

"तेही नाई म्हनलं."

"मग काय म्हणतेस तू?"

"मी म्हनतो, जेवली का तू?"

शनिवारी पाहुणे तळ्याकडच्या टेबलावर बसले. सॅलडची मागणी आत आली. सोमीने खलात कैरी घातली, ठेचली आणि थांबली. शेफ तिच्या समोर येऊन उभे राहिले.

"चखो."

तिने बत्ता खलाशेजारी ठेवला.

"सोमी, चखो. मेरे सामने."

तिने खिशातून चमचा काढला, भरला आणि धरून राहिली. तिचा चेहरा पाहून मला कळले, की ती आता एकतर खाणार आहे किंवा टोपी काढून ठेवणार आहे, आणि दोन्ही मला बघवणार नाही.

"शेफ," मी म्हणाले, "बनाने वाला खुद जाँचे, ये तरीका ही ग़लत है. लॅब में ऐसा नहीं करते. जाँच दूसरा करेगा."

हे खरे आहे. मी ते अगदी त्याच क्षणासाठी शोधून काढले होते, तरीही खरे आहे.

शेफने माझ्याकडे रोखून पाहिले. "ठीक है. आप चखिए."

मी चमचा घेतला. आंबट, गोड, खारट, तिखट आणि मासा हे सगळे एकदम आले. त्या सॅलडचा सामू मी दशांशात सांगू शकले असते. त्यात काय कमी आहे, हे मला सांगता येईना. तोंडात कैरी धरून मी उभी राहिले.

"बोलिए, मॅडम. बाहर लोग बैठे हैं."

मंगलाबाई पायांची बोटे बरोबर रेषेला लावून उभ्या होत्या.

"मंगलाबाई," मी म्हणाले, "हात धुवा, स्वच्छ टोपी-ॲप्रन घाला आणि इकडे या."

"रेषेच्या पलीकडं?"

"हो."

"मंग उद्या ओरडसान नाई न?"

"या!"

"बर्तन वाली चखेगी?" शेफ म्हणाले; पण तोवर मंगलाबाई मी शिकवल्याप्रमाणे कोपरापर्यंत हात धुऊन, ॲप्रन बदलून, नाली ओलांडावी तसा पाय उचलून आल्या होत्या. त्यांनी चाखले. जीभ टाळ्याला लावून आवाज केला. "मीठ टाक थोडं. न गूळ, शेंगदान्याएवढा." सोमीने टाकला. पुन्हा चाखले. "जाऊ दे."

प्लेट गेली. वरिष्ठ भाजलेल्या बदकाबद्दल बोलले, दिव्यांबद्दल बोलले, सॅलडबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. प्लेट मात्र पुसल्यासारखी परत आली. आमच्या व्यवसायात याहून मोठी पसंती नसते.

टेबले उठल्यावर सोमीने शेफला स्वतःच सगळे सांगितले. कोणी हसले नाही. शेफचा चेहरा पाहून हसण्याची कुणाची छाती नव्हती.

"तो ये त्योहार कब है?"

"गावचा पुजारी ठरवन तेव्हा."

"मतलब तारीख नहीं है?"

"नाई."

साऱ्या महिन्याच्या कामाच्या पाळ्या आगाऊ लावणाऱ्या त्या माणसाला हे सर्वांत जड गेले. अखेर ते म्हणाले, "तब तक मंगलाबाई चखेगी. त्योहार के बाद तुम चखोगी, मेरे सामने. तभी पक्का करूँगा."

मला हा निर्णय निर्दोष वाटला. मूळ कारण सापडले होते: आचारी चाखत नाही. सण झाला की कारण संपेल.

गावाहून निरोप आला. सोमी बसने गेली आणि आंब्यांची पिशवी घेऊन परतली. त्या दुपारी सगळे ओट्याभोवती जमले. तिने आमच्या ठरलेल्या प्रमाणाने सॅलड केले आणि आयुष्यात पहिल्यांदा ते तोंडात घातले. चावत राहिली. गिळले.

"शेफ," ती म्हणाली, "हेच देत होतो का आपन लोकायले?"

"क्यों? क्या हुआ?"

"याच्यात आंबा कुठी आहे?"

तिने खल रिकामा केला आणि नव्याने सुरुवात केली. गूळ जवळजवळ नाहीसा, अर्क अर्धा, मिरची दुप्पट, मीठ भरपूर. शेफने चाखले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, ते मिरचीचे. "बढ़िया," ते म्हणाले. "जाने दो यही."

त्या संध्याकाळी ते सॅलड गेले आणि प्लेटा अर्ध्या भरलेल्या परत आल्या. एका बाईंनी विचारले, हे पोटासाठी औषधी असते का? त्या दिवशी झाडून सगळ्यांना वाघ दिसला होता.

माझी उपपत्ती तिथेच कोसळली. सोमी चाखत नव्हती तेव्हा तक्रारी होत्या. ती चाखू लागली तेव्हा त्या वाढल्या. पाहुण्यांना हवी होती ती फक्त मंगलाबाईंची जीभ, आणि मंगलाबाई त्या काचेच्या भिंतीमागे एकदाही जेवायला बसलेल्या नाहीत. मी त्यांना विचारले, तुम्हाला नेमके कसे कळते?

"कळते काय त्याच्यात? मले गोड आवडते. लोकायलेही आवडते."

शेफ शब्दाचे पक्के निघाले. "चखा ना मेरे सामने? तो पक्की," ते सोमीला म्हणाले, आणि त्याच दमात, "मंगलाबाई को बुलाओ." तेव्हापासून कैरीच्या हंगामात मंगलाबाई चव घेतात. सोमीचे सॅलड कर्मचाऱ्यांच्या जेवणात असते आणि सर्वांत आधी संपते. मी पिवळी रेषा एका जागी मुद्दाम वळवून घेतली. त्या वळणात हात धुण्याचे बेसिन आहे आणि मंगलाबाई उभ्या राहू शकतील इतकी जागा आहे. मूळच्या रंगाऱ्यानेच ते काम केले. "तेव्हा वाकडी झाली होती तं पुसाले लावली," तो म्हणाला.

अलीकडे मोठ्या पदासाठी माझी मुलाखत झाली. गुणवत्तेचा एक सोडवलेला प्रश्न सांगा, म्हणाले. मी हा सांगितला. त्यांनी विचारले, "यात मूळ कारण काय होतं?" मी रेषा म्हणू लागले, मग सण, मग कैरी, मग थांबले. निकाल अजून कळलेला नाही.

यंदा कैरी निघाल्यावर मी घरी गेले होते. आईने ताटात कैरीची चटणी वाढायला घेतली आणि माझ्या तोंडून निघून गेले, "सोमीच्या गावाहून फोन नाही आला अजून."

आईचा हात थांबला. "मंग? झाकून ठेवू का?"

ती थट्टा करत नव्हती. मीच वाटीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नको. वाढ."

मी खाल्ली. चांगली होती.

"मीठ कमी आहे का गं?" मी विचारले.

आईने बोटाने चाखली. "बरोबर तं आहे."

मी आणखी थोडी घेतली. असेलही.